जिंकूनही नाराज, आणि ते रास्तच

आयोवा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने ३ सप्टेंबर २०२२ रोजी साउथ डकोटा स्टेटला ७-३ असे हरवले, तरी चाहते आक्रमणफळीवर नाराजच राहिले. जिंकल्यावर कुरकुर कशाला, हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. पण ते सात गुण आले कुठून ते पाहा. एका फील्ड गोलचे तीन. उरलेले चार दोन ‘सेफ्टीं’चे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच एंड झोनमध्ये लोळवून बचावफळीने मिळवलेले. टचडाउन एकही नाही आणि आक्रमणाची अख्ख्या सामन्यातली मजल जेमतेम १६६ यार्ड!

प्रशिक्षक कर्क फेरेन्ट्झ यांची पद्धतच अशी, असे तेव्हा समर्थक म्हणत: पंटर टोरी टेलरने लांब पंट मारून, म्हणजे चेंडू लाथेने दूर उडवून, प्रतिस्पर्ध्याला कोपऱ्यात ढकलायचे, पुढचे बचावफळीने पाहायचे. हे खरे होते, आणि त्या बचावाला माझा मनापासून सलाम. मात्र या पद्धतीत चुकीला जागाच उरत नाही. पुढच्याच आठवड्यात आयोवा स्टेटने त्यांना १०-७ असे हरवले. २०२३ मध्ये दहा विजय मिळाले, पण तगड्या मिशिगनपुढे ०-२६ आणि टेनेसीपुढे ०-३५! आक्रमणाची सूत्रे फेरेन्ट्झ यांचे पुत्र ब्रायन यांच्याकडे होती. त्या वर्षीच्या करारात सामन्यामागे सरासरी २५ गुणांची अट होती. संघ १५च्या आसपास अडकला. ऑक्टोबरअखेर, आठपैकी सहा सामने जिंकलेले असतानाच, ब्रायन पुढच्या हंगामात नसतील असे विद्यापीठाने जाहीर केले.