विश्लेषण : प्रकाशावर चालणारा संगणक गणित कसे सोडवतो?

दाभोळच्या खाडीत दोन बोटींच्या लाटा एकमेकींना भेटतात, तेव्हा कुठे पाणी दुप्पट उसळते, तर कुठे सपाट होते. प्रकाशावर चालणाऱ्या क्वांटम संगणकाचा पाया हाच आहे. फरक इतकाच, की येथे लाटा असतात प्रकाशकणांच्या, म्हणजे फोटॉनच्या.

गणित कोणते?

१० बोटींच्या दोन-दोनच्या जोड्या ९४५ प्रकारे लावता येतात. बोटी २० झाल्या की हा आकडा ६५ कोटींच्या पुढे जातो. त्यात ‘अमुक बोट अमुक बोटीबरोबरच जाईल’ अशा अटी आल्या, की शक्य जोडण्या मोजायला सोपे सूत्र उरत नाही. या मोजणीला गणितात ‘हाफ्नियन’ म्हणतात.

यंत्र काय करते?

विशिष्ट प्रकारे तयार केलेला प्रकाश अर्धपारदर्शक आरशांच्या जाळ्यातून सोडला जातो. कोणत्या वाटेने किती फोटॉन बाहेर पडले, हे शोधक मोजतात. प्रत्येक नमुन्याची शक्यता हाफ्नियनशी बांधलेली असते. यंत्र थेट उत्तर लिहून देत नाही, नमुने देते. ज्या गटात जोड्या जास्त जुळतात, ते नमुने जास्त वेळा येतात. गुंतागुंतीच्या जाळ्यांतील घट्ट गट शोधायला याचा उपयोग होऊ शकतो.

दावे किती टिकले?

२०२० मध्ये चीनच्या ‘जिउझांग’ने ७६ फोटॉनपर्यंत मजल मारली. २०२२ मध्ये कॅनडातील झानाडू कंपनीने दावा केला, की महासंगणकाला ९ हजार वर्षे लागतील ते काम ‘बोरिअलिस’ने ३६ मायक्रोसेकंदांत केले. मात्र वाटेत बराच प्रकाश गळतो. नेमक्या याच गळतीचा फायदा घेऊन अशा प्रयोगांची नक्कल पारंपरिक संगणकांवरही करता येते, हे २०२४ मध्ये संशोधकांनी दाखवले.

आपला संबंध काय?

केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे ६ हजार कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मंजुरी दिली. तिचे एक केंद्र आयआयटी मुंबईत आहे. हा खर्च योग्यच आहे. मूलभूत संशोधनाला उशिरा सुरुवात करणे अधिक महाग पडते. पण पैसा जनतेचा आहे. मोठ्या तंत्रज्ञानाची मोठी आश्वासने दाभोळने जवळून पाहिली आहेत. खाडीपलीकडच्या अंजनवेलचा वीज प्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला आणि विजेच्या दराच्या वादात २००१ मध्ये बंद पडला. हिशेब चुकला होता.

म्हणून प्रत्येक क्वांटम घोषणेला तीन प्रश्न विचारायलाच हवेत : सोडवलेले गणित कोणाच्या उपयोगाचे? तुलना कोणत्या संगणकाशी केली? आणि निकाल बाहेरच्या कोणी तपासला का? संशोधनाला निधी द्यावा, वेळही द्यावा. पण उत्तराची पडताळणी झाल्याशिवाय टाळ्या वाजवू नयेत.