नाव, गाव आणि पत्ता

दोस्तांनो, ‘नाव, गाव, फळ, फूल’ हा खेळ तुम्ही सगळ्यांनीच खेळला असेल. आज त्यातलं फक्त नाव आणि गाव घेऊ. कारण या दोघांनी आपल्या वर्धा जिल्ह्यात एकदा चांगलाच घोळ घातला होता!

१९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहायला आले. देशभरातून त्यांना पत्रं आणि तारा येत. पण बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचं शेगाव आहे ना! नावं जवळजवळ सारखी, त्यामुळे टपाल भलतीकडेच जायचं. शेवटी १९४० मध्ये सेगावचं ‘सेवाग्राम’ झालं आणि घोळ मिटला.

तुम्ही म्हणाल, याचा आमच्याशी काय संबंध? सांगतो. उद्या आर्वीची, हिंगणघाटची किंवा देवळीची मुलं कॉलेजसाठी, नोकरीसाठी अर्ज करतील. अर्ज वाचणारे साहेब त्यांना ओळखत नसतात. मग पुष्कळदा ते इंटरनेटवर नाव शोधून बघतात. तिथे जे दिसेल, ती तुमची पहिली ओळख. मुलाखतीला तुम्ही पोचण्याआधी तुमचं नाव पोचलेलं असतं!

२०१७ ची गोष्ट. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने किमान दहा मुलांना दिलेला प्रवेश रद्द केला. का? फेसबुकवरच्या एका खासगी ग्रुपमध्ये त्यांनी दुसऱ्यांच्या दुःखाची टिंगल करणारी चित्रं टाकली होती. ‘आपलाच तर ग्रुप आहे’ असं त्यांनाही वाटलं असणार. पण ग्रुपमधल्या एकाने स्क्रीनशॉट काढला की संपलं. तुम्ही तुमच्या मोबाईलमधून पुसाल, त्याच्या मोबाईलमधून कसं पुसणार? म्हणून एक सोपी परीक्षा : जे मुख्याध्यापकांसमोर उभं राहून बोलता येणार नाही, ते लिहायचंही नाही. वर्गातल्या कुणाचा फोटो टाकायचा, तर आधी त्याला विचारायचं.

मग काय, इंटरनेटकडे पाठ फिरवायची? छे! चांगलं वापरायचं.

पहिलं नाव. ‘वर्ध्याचा किंग’ असल्या नावाचा ईमेल मित्रांत गंमत म्हणून ठीक, पण अर्जावर तो शोभत नाही. एक साधा ईमेल स्वतःच्या नावाचा असू द्या. सारख्या नावाची माणसं खूप असतात, तिथे मधे वडिलांचं किंवा आईचं नाव लिहायची आपली पद्धत कामी येते. स्पेलिंग मात्र गुणपत्रिकेवर आहे तेच ठेवा.

मग काम. विज्ञान प्रदर्शनातलं ठिबक सिंचनाचं मॉडेल, बोरच्या जंगलाजवळ केलेली पक्ष्यांची नोंद, स्वतः लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, हे सगळं तारखेसह जपून ठेवा. पालकांच्या मदतीने त्यातलं निवडक काही इंटरनेटवरही ठेवता येईल. पण दुसऱ्याचा उतरवलेला प्रकल्प स्वतःचा म्हणून दाखवायचा नाही. मुलाखतीत दोन प्रश्न विचारले की पितळ उघडं पडतं.

आणि पत्ता? तो झाकलेलाच बरा. घर, फोन नंबर, रोजची शिकवणीची वेळ जगाला कशाला सांगायची?

आई-बाबांनो, हे तुम्हालाही बरं का! दहावीचा निकाल लागला की कौतुकाने गुणपत्रिकेचा फोटो सगळीकडे फिरतो. त्यावर बैठक क्रमांक असतो, आईचं नाव असतं. टक्के सांगा, कागद घरात ठेवा. संसदेने २०२३ मध्ये केलेल्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती घ्यावी, अशी तरतूद आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेतही मुलांच्या माहितीचे राखणदार तुम्हीच!

तर दोस्तांनो, या रविवारचा गृहपाठ. आई किंवा बाबांना शेजारी बसवा आणि स्वतःचं नाव इंटरनेटवर शोधा. नको ते दिसलं तर दोघांनी मिळून काढून टाका. दुसऱ्याने टाकलेलं असेल तर त्याला काढायला सांगा. काहीच दिसलं नाही तर उत्तम, पाटी कोरी आहे! घोळ झाला म्हणून गावाचं नाव बदलता आलं. तुमचं नाव मात्र तुम्हाला जन्मभर पुरवायचं आहे.

भेटू पुढच्या आठवड्यात!