‘बघाच’ म्हणणाऱ्यांनी जामीन राहावं

वेबसिरीजबद्दल कोणी दोन वाक्यांच्या पुढे बोलू लागलं की ‘जाऊ दे गं, आवड ज्याची त्याची’ हे ठरलेलं उत्तर येतं. त्याला जोडून आणखी दोन मतं हल्ली ऐकू येतात. एक असं, की काय बघायचं ते आता ॲपच सांगतं, माणसांना विचारत बसायची गरज काय? दुसरं असं, की सिरीज सुचवणं म्हणजे दुसऱ्याच्या वेळेवर दरोडा. सुचवणारा आपली रसिकता मिरवून मोकळा होतो आणि ऐकणाऱ्याचे आठ-नऊ तास जातात. ही मतं मांडणारी माणसं शहाणीसुरती आहेत, आणि शेवटच्या मतात तर बरंच तथ्य आहे. तरीही तिन्ही मला मान्य नाहीत.

आवड ज्याची त्याची असते, हे नाकारलंय कोणी? पण आवडीमागची कारणं सांगता येतात, तपासता येतात, खोडूनही काढता येतात. ‘स्कॅम १९९२’ मला आवडली, हे माझ्यापुरतं झालं. पण बँकांच्या रोखे व्यवहारात बँक रिसीट नावाच्या कागदावर पैसा कसा फिरवला गेला, हे शेअर बाजाराचा गंध नसलेल्या माणसाला कळेल असं तिथे उलगडलंय, हे विधान माझ्यापुरतं नाही. ज्याने ती बघितली आहे तो मला खोटं पाडू शकतो. माझी तक्रारही तशीच तपासता येईल. ही सिरीज ज्या पुस्तकावरून केली ते सुचेता दलाल आणि देबाशिष बसू या पत्रकारांचं. घोटाळ्याची बातमी फोडली ती सुचेता दलाल यांनी. सिरीज संपल्यावर लोकांच्या तोंडी मात्र हर्षद मेहताचे संवाद आणि त्याची ती सुरावट. यावर दोन तास भांडता येईल. भांडण संपल्यावर दोघींची आवड जागच्या जागी राहील, पण दोघींना सिरीज जास्त कळलेली असेल. ‘ज्याची त्याची’ म्हणून विषय मिटवला की नेमकं हे हुकतं. शिवाय गंमत अशी, की हे वाक्य उच्चारणारीच माणसं दुसऱ्या दिवशी ‘कसली भिकार सिरीज, रात्र फुकट गेली’ म्हणत असतात. मग तेव्हा कुठे जाते ज्याची त्याची आवड?

आता ॲपचं. नेटफ्लिक्स अजून टपालाने डीव्हीडी पाठवत होती तेव्हा, २००६ मध्ये, तिने एक स्पर्धा लावली. कोणता ग्राहक कोणत्या चित्रपटाला किती तारे देईल याचा अंदाज कंपनीच्या ‘सिनेमॅच’पेक्षा १० टक्क्यांनी अधिक अचूक करून दाखवा आणि १० लाख डॉलर घेऊन जा. जगभरचे गणिती हात धुऊन मागे लागले आणि २००९ मध्ये बक्षीस दिलं गेलं. पण जिंकलेली अख्खी जुळणी कंपनीने वापरात आणलीच नाही. तोवर धंदा डीव्हीडीवरून ऑनलाइनकडे वळला होता, आणि पदरात पडणाऱ्या अचूकतेच्या मानाने खटाटोप फार होता. २०१७ मध्ये तर तारेच गेले आणि अंगठा आला. लोक गंभीर माहितीपटाला पाच तारे द्यायचे आणि रात्री लावून बसायचे हलकेफुलके विनोदी सिनेमे, असं कंपनीचं निरीक्षण होतं. तुम्ही काय थोर मानता याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. तुम्ही काय लावून बसता, एवढ्याशीच होतं.

मला हे निरीक्षण अगदी पटतं, मीही त्यातलीच. पण यातून मी थोर मानते ते खोटं, असा निष्कर्ष कसा निघतो? मी थकलेली असताना काय बघते आणि जागी असताना काय बघू इच्छिते, या दोन्ही गोष्टी ठाऊक असलेलं माणूस ‘ही रविवारी सकाळी बघ, रात्री नको’ असं सांगू शकतं. ॲपकडे माझ्या फक्त थकलेल्या रात्री जमा आहेत.

२०१७ मध्येच नेटफ्लिक्सच्या अभियंत्यांनी आणखी एक गोष्ट मोकळेपणी सांगितली. एकाच चित्रपटाचं चित्र प्रत्येकाला वेगळं दाखवता येतं. उदाहरण दिलं होतं ‘गुड विल हंटिंग’चं: प्रेमकथा बघणाऱ्याला नायक-नायिका एकमेकांजवळ, विनोदी सिनेमे बघणाऱ्याला रॉबिन विल्यम्सचा चेहरा. आता तो सिनेमा विनोदी नव्हे. मार खाल्लेल्या, दुखावलेल्या एका हुशार पोराची ती गोष्ट. आपल्याकडे याला तोंड पाहून टिळा लावणं म्हणतात. एखादी मावशी असं करू लागली तर तिच्या शब्दावर पुन्हा कोणी विश्वास ठेवणार नाही. यंत्राने केलं की त्याला ‘खास तुमच्यासाठी’ म्हणायचं.

राहिली ती क्रमांक एकची पाटी. २०१९ च्या अखेरीपासून नेटफ्लिक्स दोन मिनिटं लावून बघितलं तरी ‘बघितलं’ असं धरत होती. २०२१ मध्ये मोजणी तासांवर आली, २०२३ पासून एकूण तासांना लांबीने भागतात. हिशेब सुधारला, मान्य. पण सोफ्यावर डोळा लागला आणि ‘अजून बघताय ना?’ असं पडद्याने विचारेपर्यंत पुढचे भाग आपोआप चालत राहिले, तर तेही सिरीजच्याच खात्यावर जमा होतात. उलट ‘द वायर’ घ्या. बाल्टिमोरमधले पोलीस, गल्लीतले ड्रगविक्रेते, गोदी कामगार, शाळा, वर्तमानपत्र असं अख्खं शहर मांडणारी ही सिरीज २००२ ते २००८ या काळात पाच सीझन चालली. प्रेक्षक बेताचे, एमीचं एकही पारितोषिक नाही. ती आज नावाजली जाते ती समीक्षकांच्या चिकाटीने, आणि एकाने दुसऱ्याच्या हातात डीव्हीडीचा संच कोंबून ‘बघ आणि मग बोल’ असं म्हटल्याने.

अर्थात ‘पहिले चार भाग सहन कर, मग पकडते’ या छळाचा उगमही अशाच सिरीजच्या भक्तांत आहे. ‘द वायर’ला ते शोभतं, कारण तिथे चार भागांत माणसं ओळखीची व्हावी लागतात. प्रत्येक रटाळ सिरीजला तीच सवलत मागणाऱ्यांना माझ्याकडे दयामाया नाही.

म्हणजे आपण तिसऱ्या आक्षेपाशी येऊन पोचलो, दरोड्याच्या. कौटुंबिक ग्रुपवर सकाळी आठला येणारं ‘मस्ट वॉच!!’ आणि खाली सिरीजचं पोस्टर हे मतही नव्हे आणि शिफारसही नव्हे. कोणी बघायची, का बघायची, कोणासोबत बघायची नाही, काही पत्ता नाही. चार दिवसांनी त्याच माणसाची वसुली सुरू होते: ‘बघितलीस का? कुठवर आलीस?’ यूट्यूबवरचे शिफारसवाले आणखी पुढचे. पैसे घेऊन केलेली जाहिरात असेल तर तसं स्पष्ट सांगावं, असा जाहिरात मानक परिषदेचा नियम २०२१ पासून आहे. किती जण तो ठळक अक्षरांत पाळतात ते तुम्हीच बघा. या सगळ्याला कोणी वेळेवरचा दरोडा म्हटलं तर मी अडवणार नाही.

पण यावर उपाय गप्प बसणं हा नव्हे. एखाद्याच्या कर्जाला जामीन राहताना आपण काय करतो? माणूस पारखतो, रक्कम विचारतो, आणि बुडालं तर आपलं तोंड दिसणार आहे हे ठाऊक ठेवून सही करतो. सिरीज सुचवणाऱ्याने एवढं तरी करावं. ‘मानवत मर्डर्स’ कोणाला सुचवायची असेल तर १९७० च्या दशकात परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये झालेल्या हत्यांवर ती आहे, तपास करणाऱ्या रमाकांत कुलकर्णींच्या आठवणींवर बेतलेली आहे, इतकं सांगून भागत नाही. बळी गेलेल्यांत लहान मुली होत्या, हे आधी सांगायला हवं. घरात शाळकरी नात असलेल्या बाईला ‘मस्त थ्रिलर आहे’ म्हणून ती पाठवून देणं हा निष्काळजीपणा आहे. आणि परभणीकडच्या घरात, जिथे जुन्या माणसांना ते दिवस आठवतात, तिथे ती थ्रिलर म्हणून पोचतच नाही.

सुचवावं कसं, हे मी माझ्या आत्याकडून शिकले. आत्या डोंबिवलीत राहते, रिमोटवरची बटणं चष्मा कपाळावर सरकवून बघते आणि सिरीजची नावं हमखास चुकवते. ‘पंचायत’ तिने मला अशी सांगितली: ‘ते फुलेराचं आहे ना, ते बघ. शिव्या आहेत, पण रागाच्या नाहीत. पहिले दोन भाग काही घडत नाही म्हणशील, घडायचं नसतंच त्यात. तो रघुवीर यादव बोलायच्या आधी थांबतो तेव्हा त्याच्याकडे बघ. आणि दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग रात्री एकटी बघू नकोस.’ बस्स. पुन्हा कधी ‘बघितलीस का’ म्हणून विचारलं नाही. त्या शेवटच्या वाक्यात काय होणार ते तिने सांगितलं नाही, आणि मला काय होईल ते बरोबर सांगितलं. मी एकटी राहते हे तिला ठाऊक आहे. ते कुठल्याही ॲपला ठाऊक नाही, आणि असलं तरी त्याचा उपयोग ते मला आणखी तीन भाग दाखवायलाच करील.

इथे ‘काही सांगू नकोस, स्पॉयलर होईल’ म्हणून कानावर हात ठेवणारी मंडळी आठवतात. खून कोणी केला हे सांगू नये, कबूल. पण हर्षद मेहता २००१ मध्ये तुरुंगात असताना वारला हे सगळ्या देशाला माहीत होतं. तरी लोक ‘स्कॅम’ रात्री दोनपर्यंत बघत बसले. १८८२ साली ‘संगीत सौभद्र’ पहिल्यांदा रंगभूमीवर आलं, तेव्हा सुभद्रा अर्जुनाचीच होणार हे न कळलेला एक तरी प्रेक्षक थिएटरात होता का? आपण गोष्ट माहीत असूनही कीर्तनाला बसणारी माणसं. स्पॉयलरचा इतका बाऊ केला की सिरीजवर बोलण्याजोगं जे असतं, म्हणजे नटाचं थांबणं, संवादातली बोली, शेवट पटला की नाही, तेच बोलायची सोय राहत नाही. मग उरतं पुन्हा ‘मस्ट वॉच’.

आणि एक खास आपल्या घरचा आक्षेपार्ह प्रकार: ‘मराठी आहे म्हणून बघा.’ मराठी सिरीजचं याहून वाटोळं करणारं वाक्य मला माहीत नाही. ‘आणि काय हवं’ ही २०१९ मध्ये आलेली, जुई आणि साकेत या जोडप्याच्या रोजच्या जगण्यावरची सिरीज. तिचे भाग छोटे, घडतं फारच थोडं, आणि नवरा-बायकोच्या कुरकुरीतली लय प्रिया बापट आणि उमेश कामत यांनी अचूक पकडली आहे. ही तिची बाजू झाली. ज्याला कथानक हवं त्याने तिच्या वाटेला जाऊ नये, ही दुसरी. ‘समांतर’ सुचवताना सांगावं, की मूळ कादंबरी सुहास शिरवळकरांची आहे; वाचनालयातून त्यांची पुस्तकं रांग लावून नेलेल्या पिढीला ती एका नजरेने दिसेल, बाकीच्यांना दुसऱ्या. एवढं सांगितलं तर माणूस कुतूहलाने बघतो. भाषेचं ऋण म्हणून सांगितलं तर तो पहिला भाग लावतो, फोन हातात घेतो, आणि पुढच्या मराठी सिरीजच्या वेळी कामात असतो.

नकारही मोकळेपणी द्यायला हवा. ‘बघू नकोस’ असं कारणासकट सांगणारा माणूस दहा ‘बघाच’वाल्यांपेक्षा माझ्या जास्त कामाचा. आणि सुचवलेली सिरीज परत फिरून आली, ‘नाही आवडली’ म्हणून, तर जामीनदाराने तोंड लपवू नये.

आत्याची ‘पंचायत’ मी पुढे माझ्या मामेबहिणीला सांगितली. ती सांगली जिल्ह्यात ग्रामसेविका आहे. तिला ही हमखास आवडणार, असा माझा हिशेब होता. तिचा फोन आला तो चिडूनच. ‘प्रधान मंजूदेवी, आणि खुर्चीत बसतो नवरा. तुम्ही हसताय कशाला? आमच्याकडे पन्नास टक्के बायका निवडून येतात, आणि मासिक सभेला कितीतरी ठिकाणी सरपंचपती येऊन बसतो. सही तेवढी बाईची. मला ते दप्तर सांभाळावं लागतं.’ मी म्हटलं, अगं, सिरीज त्याचीच तर टर उडवते. पहिल्या सीझनच्या शेवटी मंजूदेवी राष्ट्रगीत पाठ करून झेंडा फडकवायला उभी राहते, ते तू बघितलंस ना? ती म्हणाली, ‘बघितलं. आणि दुसऱ्या सीझनमध्ये निर्णय कोण घेतं?’ मी हे आत्याला कळवलं. आत्याने तिला परस्पर फोन लावला. तासभर बोलत होत्या म्हणे. आत्याचं म्हणणं, त्या नवऱ्याला, म्हणजे रघुवीर यादवला, इतका गोड केला नसता तर लोकांनी ती बघितलीच नसती. बहिणीचं म्हणणं, गोड केला हाच घोटाळा.