छायाचित्रकलेचा इतिहास कोणाच्या कपाटातून लिहिला गेला?

१/ अमेरिकेतील कलात्मक छायाचित्रणाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे आल्फ्रेड स्टीगलिट्झपासून आरंभ करावयाचा, अशी रूढी पडली आहे. ही मांडणी अपुरी आहे असे सौम्यपणे म्हणण्याची माझी तयारी नाही. ती चुकीची आहे. तिने समासात ढकललेल्या फ्रेड हॉलंड डे (१८६४–१९३३) याच्याविषयी हा थ्रेड.

२/ डेचे नाव आपल्याला अपरिचित असेल, त्याचा शिष्य मात्र नाही. ज्याच्या रूपककथा वि. स. खांडेकरांनी मराठीत आणल्या, तो खलिल जिब्रान १८९६ साली बॉस्टनच्या स्थलांतरितांच्या वस्तीतला तेरा वर्षांचा मुलगा होता. एका समाजसेविकेच्या पत्रामुळे तो डेकडे पोहोचला. डेने त्याला पुस्तके दिली, कॅमेऱ्यासमोर बसवले आणि १९०४ मध्ये आपल्याच स्टुडिओत त्याच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरवले.

३/ डे हा मॅसॅच्युसेट्समधील नॉरवुडच्या एका धनाढ्य चामडे-व्यापाऱ्याचा एकुलता एक मुलगा. १८९३ मध्ये त्याने हर्बर्ट कोपलंडसह 'कोपलंड अँड डे' ही प्रकाशनसंस्था काढली. आदर्श विल्यम मॉरिसच्या केल्म्सकॉट मुद्रणालयाचा. १८९९ पर्यंत ९८ प्रकाशने निघाली. बियर्डस्लीच्या चित्रांसह ऑस्कर वाइल्डचे 'सालोमे' अमेरिकेत आणले ते यांनीच.

४/ स्टीफन क्रेनचा 'द ब्लॅक रायडर्स' (१८९५) हा संग्रह पाहावा. कविता सबंध कॅपिटल अक्षरांत, पानाच्या माथ्याशी छापलेल्या. खाली नुसता कोरा कागद. पानाची मांडणी हाही कवितेचा अर्थ असतो, हे त्या पानांना ठाऊक होते.

५/ हीच दृष्टी कॅमेऱ्यात आली. १८९८ च्या उन्हाळ्यात त्याने केस-दाढी वाढवली, वजन उतरवले आणि स्वतःच ख्रिस्त होऊन क्रूसारोहणाची सुमारे २५० छायाचित्रे घेतली. 'सात अखेरचे उद्गार' या मालिकेत मुद्रेवरचा भाव टिपण्याच्या क्षणी स्वतःला दिसावा म्हणून कॅमेऱ्याला आरसा लावला होता. (लोकांना उपासाचा किस्सा आठवतो, आरसा नाही.)

६/ आता मूळ वाद. १९०० मध्ये लंडनला 'न्यू स्कूल ऑफ अमेरिकन फोटोग्राफी' हे ३७५ छायाचित्रांचे प्रदर्शन भरले. ते जमवले डेने. स्टायकेन, क्लॅरेन्स व्हाइट, गर्ट्रूड केसेबियर ही सारी मंडळी त्यात होती. स्टीगलिट्झ नव्हता. उलट त्याने लंडनच्या 'लिंक्ड रिंग' मंडळाला या संग्रहाविषयी प्रतिकूल कळवले. मंडळाने हात आखडता घेतला. दालन दिले रॉयल फोटोग्राफिक सोसायटीने. पुढल्या वर्षी तेच प्रदर्शन पॅरिसला गेले.

७/ स्टीगलिट्झची 'फोटो-सेसेशन' ही संघटना निघाली १९०२ मध्ये, 'कॅमेरा वर्क' हे त्रैमासिक १९०३ मध्ये. म्हणजे युरोपात या चळवळीचा झेंडा आधी कोणी रोवला, हा मताचा प्रश्न नाही, तारखांचा आहे. स्टीगलिट्झ थोर छायाचित्रकार होता, हे मान्यच. पण थोरवीने क्रम बदलत नाही.

८/ मग डे गेला कुठे? १९०४ च्या नोव्हेंबरात त्याच्या बॉस्टनमधील स्टुडिओला आग लागली. बहुतेक काचा व प्रती गेल्या. तिथे ठेवलेली जिब्रानची चित्रेही. स्टीगलिट्झकडे मात्र १९१७ पर्यंत चाललेले स्वतःचे नियतकालिक होते. पुढच्या पिढ्यांनी ते अंक उघडले आणि त्यांतल्या हकिगतीलाच इतिहास मानले.

९/ डेला निष्पाप ठरवण्याचा मोह मला झाला होता. तो सोडून द्यावा लागतो. 'कॅमेरा वर्क'मध्ये आपली छायाचित्रे छापू देण्यास त्याने स्वतःच नकार दिला. ९८ प्रकाशने काढणाऱ्या माणसाला छापील पानाचे बळ कळत नव्हते, असे कसे म्हणावे? महायुद्धात प्लॅटिनमचा कागद दुर्मीळ झाला, तसा त्याने कॅमेराही ठेवून दिला. सुमारे १९१७ पासून मृत्यूपर्यंत तो अंथरुणावरच राहिला, तेही बव्हंशी स्वेच्छेने.

१०/ आणि त्याचे स्वतःचेही एक कपाट होते. कीट्सची प्रेयसी फॅनी ब्रॉन हिने कवीच्या बहिणीला लिहिलेली पत्रे या निस्सीम कीट्सभक्ताकडे होती. फॅनीला उथळ आणि निष्ठुर ठरवणारी चरित्रे निघत होती. तिची बाजू सांगणारा पुरावा डेजवळ होता. कीट्सचे चरित्र लिहिणाऱ्या एमी लॉवेलने विनवण्या केल्या, तेव्हा महत्प्रयासाने त्यातले थोडेसे तिला पाहावयास मिळाले. सगळी पत्रे ग्रंथरूपाने आली १९३७ मध्ये, डेच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, आणि मग चरित्रकारांना फॅनीविषयीचे आपले मत बदलावे लागले.