सत्र मोफत, थकवा स्वखर्चाने

जिल्हा रुग्णालयात डायलिसिसची नवी यंत्रे आली की मंत्रिमहोदयांच्या हस्ते फीत कापली जाते, कोनशिलेवर नावे कोरली जातात आणि वर्षअखेरीस किती सत्रे पार पडली याचा आकडा अहवालात छापला जातो. हा आकडा खोटा असतो असे नाही. परंतु तो अर्धाच हिशेब असतो. सत्र संपवून उठलेला माणूस भिंतीचा आधार घेत एस.टी. स्थानकापर्यंत कसा पोहोचतो, दुसऱ्या दिवशी मजुरीला जाऊ शकतो की नाही, याची नोंद त्या अहवालात नसते. शासनाच्या जमाखर्चात सत्र आहे. सत्राने रुग्णाच्या देहावर आणि घरावर टाकलेला बोजा नाही.

हा बोजा काय असतो, ते प्रथम समजून घेतले पाहिजे. निरोगी मूत्रपिंडे आठवड्याचे १६८ तास अखंड काम करतात. यंत्राने तेच काम आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी चार तासांत, म्हणजे अवघ्या १२ तासांत उरकायचे असते. आपल्याकडे अनेकांना दोनच सत्रे मिळतात. म्हणजे ८ तास. दोन सत्रांच्या मधल्या दिवसांत साचलेले पाणी इतक्या थोड्या वेळात खेचून घेतले की रक्तदाब एकाएकी उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, पायांत गोळे येतात, ओकारी होते. पहिल्या काही सत्रांत आणखी एक धोका असतो. रक्तातील युरिया फार वेगाने उतरला तर मेंदूला सूज येऊन डोकेदुखी, भ्रम, क्वचित झटकेही येतात. अंगाची खाज आणि घरी गेल्यावरचा गळून जाण्याइतका थकवा यांची तर गणतीच कोणी करीत नाही.

हे सारे उपचाराबरोबर येणारच, सोसले पाहिजे, असे रुग्णाला सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्य नेहमीच सत्तेच्या सोयीचे असते. यांतील पुष्कळसे त्रास टाळता येतात किंवा सौम्य करता येतात, आणि त्याची रीत वैद्यकाला चांगली ठाऊक आहे. पहिली सत्रे सुमारे दोन तासांची आणि संथ गतीने करावी. अंगात जादा पाणी नसताना रुग्णाचे वजन किती असावे हे पुनःपुन्हा तपासून तितकेच पाणी काढावे. रक्तदाबाची गोळी सत्रापूर्वी घ्यावी की नंतर, हे डॉक्टरांनी प्रत्येकाला ठरवून द्यावे. यंत्रातील द्रवाचे तापमान किंचित उतरवले तरी अनेकांचा रक्तदाब स्थिर राहतो. रक्त कमी झाले असेल तर लोह आणि एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने द्यावीत. यांत असाध्य असे काही नाही. मात्र या प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो, शिकलेली माणसे लागतात. आणि नेमका वेळ आणि माणसे यांचाच खर्च आजच्या व्यवस्थेला खुपतो.

२०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली. दर वर्षी २.२ लाख नव्या रुग्णांची भर पडते, एका सत्राला सुमारे २००० रुपये पडतात, वर्षाचा खर्च ३ लाखांवर जातो, हे अर्थमंत्र्यांनी भाषणात सांगितले. दूरच्या प्रवासाचा खर्च आणि बुडणारी मजुरी यांचाही उल्लेख त्याच भाषणात होता. रोगाचे निदान अचूक होते. परंतु उपाय निघाला तो खाजगी भागीदारीचा: जागा, वीज, पाणी आणि औषधे शासनाची, यंत्रे, साहित्य आणि कर्मचारी ठेकेदाराचे, आणि गरिबांच्या सत्राचे पैसे सत्रागणिक. भाषणात मान्य केलेली बुडीत मजुरी या रचनेत कोठे गेली?

मोबदला सत्रावर मिळतो, तेव्हा सत्र हाच माल होतो. रुग्णाशेजारी बसून त्याच्या जेवणाची चौकशी करण्याला दर नाही. पायांत गोळे आले म्हणून यंत्र मंद करून आणखी अर्धा तास देण्याला दर नाही. उलट त्या अर्ध्या तासाने पुढच्या रुग्णाची पाळी लांबते. यात तंत्रज्ञाचा दोष नाही. ठेक्यावर राबणारा तो तरुणही याच गणिताचा बळी आहे.

मग दोष कोणाच्या माथी मारला जातो? रुग्णाच्या. ‘हे लोक पथ्य पाळत नाहीत, पाणी फार पितात,’ हे वाक्य डायलिसिस केंद्राच्या दारात सहज ऐकू येते. पथ्य आवश्यक आहे, यात शंका नाही. मीठ जास्त झाले की तहान वाढते, पाणी साचते आणि पुढचे सत्र अधिक जाचक होते. केळी आणि शहाळ्याचे पाणी यांतील पोटॅशियम जिवावर बेतू शकते. परंतु एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला मोजून पाणी पिण्याचा उपदेश करणाऱ्याने निदान एवढे सांगावे की ठेचा, लोणचे आणि पापड वगळल्यावर भाकरीबरोबर त्याने खायचे काय. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळावी आणि ते पाणी फेकून द्यावे, ही साधी युक्तीसुद्धा त्याला कोणी समजावून सांगत नाही. शिक्षण द्यायचे नाही आणि अज्ञानाबद्दल शिक्षा मात्र करायची, हा न्याय नव्हे.

थकवाही वर्गनिरपेक्ष नसतो. पगारी रजा असलेला अधिकारी सत्रानंतर पंख्याखाली आडवा होतो. ऊसतोड मजुराला, विडी वळणाऱ्या बाईला, बांधकामावरील बिगाऱ्याला आडवे होण्याची किंमत रोजंदारीने मोजावी लागते; शिवाय सोबत आलेल्या मुलाचा किंवा नवऱ्याचाही रोज बुडतो. तिकिटात सवलत मिळाली तरी हा रोज भरून निघत नाही. आजारपणात बुडालेल्या वेतनाची भरपाई हा श्रमिकाचा हक्क आहे, हे तत्त्व १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने मान्य केले. त्या योजनेत वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत देण्याची तरतूद झाली. असंघटित श्रमिकाचा थकवा मात्र आजही बिनमोलाचा आहे.

इतिहासाचा एक दाखला येथे उपयोगी पडेल. १९४३ साली जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये विलेम कोल्फ यांनी सॉसेजसाठी वापरल्या जाणाऱ्या सेलोफेनच्या नळ्यांतून कृत्रिम मूत्रपिंड उभे केले आणि युद्धानंतर ती यंत्रे इतर देशांतील रुग्णालयांना विनामूल्य देऊन टाकली. पुढे अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे दीर्घकाळच्या डायलिसिसची सोय झाली, तेव्हा यंत्रे थोडी आणि रुग्ण फार होते. नागरिकांची एक समिती रुग्णांची मिळकत आणि सामाजिक स्थान पाहून कोणाला जगवायचे ते ठरवू लागली. त्यावर मोठा गदारोळ झाला, आणि १९७२ मध्ये अमेरिकी संसदेने बहुतेक सर्व मूत्रपिंडरुग्णांचा खर्च सरकारी विम्याखाली आणला. आपल्याकडे अशी समिती नाही. तिचे काम येथे थकवा, प्रवास आणि बुडालेली मजुरी बिनबोभाट करतात. पहिल्या काही महिन्यांत रुग्ण एक सत्र चुकवतो, मग दुसरे. आणि एके दिवशी येईनासा होतो. कागदोपत्री त्याला कोणी नाकारलेले नसते. म्हणूनच त्याच्या मृत्यूवर गदारोळही होत नाही.

‘आधी यंत्रे तरी येऊ द्या, बाकीचे मागाहून पाहू,’ असे म्हणणारे केवळ सरकारी पक्षात नाहीत. यंत्रांच्या मागणीसाठी मोर्चे काढणारे कार्यकर्तेही यंत्र आल्यावर विजय साजरा करून घरी परततात. यंत्र हवेच, त्याशिवाय मृत्यू अटळ आहे. परंतु ज्या उपचाराचा त्रास सोसता न आल्याने गरीब माणूस तो सोडून देतो, तो उपचार त्याच्यापर्यंत पोहोचला असे म्हणता येत नाही.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. ज्याला वैद्यकीयदृष्ट्या तीन सत्रे हवीत, त्याला तीनच मिळावीत. पहिल्या महिन्यात प्रत्येक रुग्णाला डॉक्टरची प्रत्यक्ष तपासणी आणि आहारतज्ज्ञाचा सल्ला मिळावा. रक्तवाढीची इंजेक्शने केंद्रातच विनामूल्य मिळावीत. रुग्ण आणि सोबती यांची बुडीत मजुरी शासनाने भरून द्यावी. ठेकेदाराचा मोबदला केवळ सत्रांच्या संख्येवर नव्हे, तर किती रुग्ण वर्षानंतरही उपचारात टिकले यावर ठरावा.

आणि कार्यकर्त्यांनी आठवड्यातून एक सकाळ आपल्या तालुक्याच्या केंद्राबाहेरील बाकावर काढावी. कोण आला, कोणाला काय त्रास झाला, कोण येईनासा झाला, याची वही ठेवावी. शासनाच्या अहवालात जो अर्धा हिशेब नाही, तो त्या वहीत असेल. सभागृहात आणि रस्त्यावर मांडायचा आहे, तो तोच हिशेब.