पेठ परक्याची, पत आपली

टपाल तिकिटांच्या आपल्या व्यवसायात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे स्थित्यंतर घडून आले, त्याचे सार थोडक्यात सांगायचे तर असे की, पूर्वी ग्राहक पेढीचे नाव ऐकून तिकिटापर्यंत येत असे. आता तो तिकीट पाहून येतो आणि पेढीचे नाव न वाचताच निघून जातो. ईबे किंवा डेल्कँप यांसारख्या लिलावस्थळावरून भोर संस्थानचे १८७९ सालचे तिकीट घेतलेल्या संग्राहकाला ते कोठे मिळाले असे विचारले, तर तो बहुधा त्या स्थळाचे नाव सांगतो. ज्याने ते तिकीट कोण्या जुन्या दप्तराच्या रुमालातून शोधून काढले, पारखले आणि त्याच्या अस्सलपणाची जबाबदारी शिरावर घेतली, तो विक्रेता अनामिकच राहतो. म्हणूनच, लिलावस्थळावर माल विकत असताना आपल्या दुकानाची, भावपत्रकाची वा स्वतंत्र संकेतस्थळाची ओळख ग्राहकाला करून द्यावी की नाही, आणि द्यावी तर कोणत्या मर्यादेत, हा प्रश्न आपल्या व्यवसायबंधूंना वारंवार पडतो.

ओळख करून दिलीच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि त्याचे कारण केवळ दलाली वाचवणे हे नव्हे. बाझी डॉट कॉम ही आपल्या देशातील लिलावपेठ २००४ मध्ये ईबेने विकत घेतली, २०१७ मध्ये ईबेचा भारतातील कारभार फ्लिपकार्टच्या ताब्यात गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी ईबेच्या भारतीय स्थळावरील खरेदी-विक्री थांबली. हे सर्व निर्णय त्या कंपन्यांनी आपापल्या हिशेबाने घेतले आणि तसे करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता; परंतु ज्या विक्रेत्याला देशातील ग्राहक केवळ त्या एका दारातूनच भेटत होता, त्याची स्थिती, रात्रीत बाजार उठला आणि सकाळी मोकळ्या मैदानात आपण एकटेच माल मांडून उभे आहोत, अशी झाली असल्यास नवल नाही. परक्याच्या पेठेत गाळा जरूर मांडावा. मात्र आपले बिऱ्हाड तेवढ्या गाळ्यातच असू नये.

परंतु ही ओळख कोणत्या मार्गाने करून द्यावी, येथेच विवेकाची कसोटी लागते. १९९५ मध्ये पिएर ओमिड्यार यांनी ईबे ही लिलावपेठ उभारली आणि लगोलग १९९६ मध्ये खरेदीदार-विक्रेत्यांनी परस्परांविषयी अभिप्राय नोंदवण्याची पद्धत तेथे सुरू झाली. ज्यांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही अशा दोन माणसांत विश्वास उत्पन्न करणारी ती यंत्रणा, पैशाच्या देवघेवीची व्यवस्था आणि तंटा उद्भवल्यास निवाडा करणारी कचेरी, या सर्वांचे मोल म्हणून विक्रीच्या रकमेतला एक हिस्सा आपण त्या पेठेला देतो. अमेरिकेतील बाजारात बहुतेक मालावर तो तेरा-चौदा टक्के पडतो. तो जड वाटत असेल तर तेथे माल मांडू नये. पण माल तेथे मांडायचा, ग्राहक तेथे मिळवायचा आणि सौदा मात्र मागच्या दाराने उरकायचा, ही सचोटीची वहिवाट नव्हे. वर्णनात बाहेरच्या संकेतस्थळाचा दुवा देणे, छायाचित्रावर दूरध्वनी क्रमांक छापणे किंवा सौदा बाहेर करण्याचा प्रस्ताव पाठवणे यांस ईबेच्या नियमांनी मज्जाव आहे, आणि तो उचितच आहे.

या संदर्भात आम्हाला आलेला एक अनुभव नमूद करणे अवश्य वाटते. १९४८ च्या गांधी-मालिकेतील दहा रुपयांच्या तिकिटावर आम्ही बोली लावली असता, लिलाव संपण्यास दोन दिवस अवकाश असतानाच विक्रेत्याचा निरोप आला की, बोली मागे घ्या, थेट पैसे पाठवा, हेच तिकीट स्वस्तात देतो. आम्ही नकार दिला. दुसऱ्या दिवशी तो लिलावच मागे घेतलेला दिसला. निमूटपणे वाट पाहत बसलेल्या अन्य बोलीदारांचा यात कोणता अपराध होता? आणि जो गृहस्थ पेठेशी केलेला करार दोन दिवस पाळू शकत नाही, तो तिकिटाच्या डिंकाविषयी आपल्याला दिलेला शब्द पाळील, असे कोणी आणि का मानावे?

याच्या उलट असा दुसरा अनुभव. हैदराबाद संस्थानची काही तिकिटे आम्ही लिलावात घेतली होती. टपालाने जे पाकीट आले, त्यावर नाशिकच्या मुद्रणालयात छापलेली चार स्मारक तिकिटे ओळीने, सरळ रेषेत चिकटवलेली होती, आणि पत्ता इतक्या सुवाच्य अक्षरात लिहिलेला होता की, ते पाकीट फाडण्याऐवजी आम्ही कडेने कापून जपून ठेवले. आत पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये ग्लासीनचे पाकीट आणि सोबत एक चिठ्ठी: स्टॅन्ली गिबन्सच्या तिकीटसूचीतील क्रमांक, जलचिन्हाचा प्रकार, आणि लिलावाच्या वर्णनात दिलेला दोष पुन्हा एकवार, ‘उजव्या कडेचा एक दात आखूड, मागे हिंजचा अवशेष’. सर्वांत खाली विक्रेत्याचे नाव आणि गाव. अमुक ठिकाणी या, तमुक सवलत घ्या, असे एक अक्षरही त्यात नव्हते. सहा महिन्यांनी आमच्या संग्रहातील उणिवांची यादी तयार झाली, तेव्हा ते नाव आम्ही आपण होऊन शोधले, आणि आज ती यादी प्रथम त्या गृहस्थांकडे जाते. ग्राहक पळवणे आणि ग्राहकाच्या स्मरणात राहणे यांतील अंतर यापेक्षा स्पष्ट करून सांगता येईल असे आम्हाला वाटत नाही.

व्यवहारात याचा अर्थ काय, तेही सांगितले पाहिजे. पेढीचे नाव सर्वत्र एकच असावे: लिलावस्थळावर, स्वतःच्या संकेतस्थळावर आणि महापेक्ससारख्या प्रदर्शनातील फलकावरही, कारण वेगवेगळ्या टोपणनावांनी मिळवलेली कीर्ती एकत्र मोजली जात नाही. पाकिटातील छापील मजकुरालाही काही स्थळे हरकत घेतात, तेव्हा त्या त्या स्थळाच्या अटी दर काही महिन्यांनी मुळातून वाचाव्यात. सौद्याच्या निमित्ताने हाती आलेला पत्ता हा केवळ पाकीट पोहोचवण्यासाठी दिलेला असतो. ग्राहकाच्या संमतीविना त्या पत्त्यावर भावपत्रके धाडणे हा विश्वासभंग होय, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमतीचे हे तत्त्व आपल्याकडेही मान्य केले आहे. दुर्मीळ, ज्याचे मोल बोलीतूनच ठरावे असे तिकीट लिलावात ठेवावे. ज्याचा भाव सर्वांना ठाऊक आहे असा नित्याचा माल भावपत्रकात असावा. आणि एकच नग एकाच वेळी दोन्हीकडे मांडण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण तो दोन्हीकडे विकला गेला तर एका ग्राहकापुढे आपला शब्द खोटा ठरतो.

स्टॅन्ली गिबन्स याने १८५६ मध्ये प्लिमथ येथे वडिलांच्या औषधालयात तिकिटांचा व्यापार आरंभला आणि १८६५ मध्ये आपले पहिले भावपत्रक काढले. आज त्याच्या सूचीतील क्रमांक जगभरच्या लिलावांत, त्याच्या पेढीशी ज्यांचा काडीचा संबंध नाही अशा विक्रेत्यांच्या वर्णनांतही, प्रमाण म्हणून लिहिले जातात. आणि त्या प्रत्येक वर्णनात त्याच्या पेढीचे नाव आपोआप उच्चारले जाते. वर्णन बिनचूक असावे, एवढ्या एका आग्रहातून ही पत निर्माण झाली. तेव्हा आपल्या अन्य दुकानांची जाहिरात लिलावस्थळावर कशी करावी, असे विचारणाऱ्या व्यवसायबंधूंना आमचे सांगणे एवढेच की, आज जे पाकीट रवाना करायचे आहे त्यातील चिठ्ठी स्वहस्ते लिहा, तिकिटाचा दोष तिच्यात प्रथम नोंदवा, आणि मग खाली आपले नाव स्वच्छ अक्षरात लिहा.