आधी जाळी राखा, मग झाड लावा

पाच जून जवळ आला की आपल्याकडे खड्डे खणायची घाई सुरू होते. रोपं येतात, बॅनर येतो, फोटो निघतात. त्याआधी एक काम उरकलेलं असतं, ते म्हणजे जागेची 'साफसफाई'. या साफसफाईत पहिला बळी जातो करवंदीच्या जाळीचा. माझा आक्षेप आहे तो इथंच.

गेल्या वर्षी खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावाजवळच्या माळावर हेच झालं. जेसीबीनं एका सकाळीत माळ मोकळा केला आणि तिथं रोपं लावली. दिवाळीपर्यंत बरीचशी शेळ्यांनी खाल्ली, उरलेली उन्हाळ्यात वाळली. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "नुसती काटेरी झुडपंच तर होती की!"

ही 'नुसती झुडपं' काय करतात ते बघा. करवंदीला जोडीजोडीनं टणक काटे असतात, त्यामुळं गुरं आत तोंड घालत नाहीत. बुलबुलासारखे पक्षी फळं खायला जाळीवर येतात आणि इतर झाडांच्या बियाही तिथंच टाकून जातात. बी रुजलं की त्याला जाळीत सावली मिळते, पाल्यापाचोळ्याची ओल मिळते आणि काट्यांचं कुंपण फुकटात मिळतं. ट्री गार्डला आपण पैसे मोजतो, आणि आयतं उभं असलेलं ट्री गार्ड उपटून टाकतो! याला काय म्हणायचं?

माणसांचंही या जाळीशी नातं आहे. एप्रिल-मे महिन्यांत रानाकडच्या गावांतल्या बायका हात ओरबाडून घेत टोपल्या भरतात आणि बाजारात येऊन बसतात. मराठी गिऱ्हाईक करवंदं मागतं, कन्नड गिऱ्हाईक कवळी हण्णू मागतं. बाई दोघांनाही एकाच मापानं देते. या पिकाला बियाणं नको, खत नको, पाणी नको. शेतात काम नसतं त्या दिवसांत हातात येणारा हा रोख पैसा आहे. जाळी गेली की तो पैसाही जातो, पण वृक्षारोपणाच्या अहवालात त्याची नोंद कुठंच होत नाही.

आणि आपण? कच्च्या करवंदाचं लोणचं आपल्याला आवडतं. करवंद फोडून आत लाल निघालं तर कोंबडा, नाहीतर कोंबडी, हा खेळ आपल्यातले कितीतरी जण खेळलेत. वाढदिवसाच्या केकवरची लालभडक 'चेरी' तर पुष्कळदा पाकात मुरवून रंगवलेलं करवंदच असतं. म्हणजे फळ चालतं, फक्त झुडूप नको!

काही जण म्हणतील, जाळीत साप असतात, काटे लागतात. खरं आहे. घराभोवतीची आणि पायवाटेवरची जाळी जरूर छाटावी. पण त्यासाठी अख्खा माळ बोडका करायची गरज नाही.

'ज्या गावच्या बोरी, त्याच गावच्या बाभळी' असं आपण एकमेकांना ओळखून असलेल्या माणसांबद्दल म्हणतो. आपल्या मातीतली ही काटेरी मंडळीही आपल्याला तशीच ओळखीची आहेत. लहानपणापासून आपण त्यांना बघत आलोय. मग त्यांना परकं का ठरवायचं?

म्हणून यंदाच्या एनएसएस शिबिरासाठी माझी एक साधी सूचना आहे. खड्डे खणण्याआधी जागेवरच्या करवंदी, बोरी, तोरणी मोजा आणि त्यांना हात लावू नका. जांभळाच्या, आंब्याच्या बिया त्यांच्याच आडोशाला टोचा. फोटोत रांगेतली रोपं दिसणार नाहीत, हे मान्य. पण दोन वर्षांनी तिथं जाऊन किती जगली ते मोजू या. माझी पैज जाळीवर आहे.